अंधाराचे वीस फोटो

चौतीस वर्षं मी माणसांना एकच सांगत आलो:
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
खाणीचं इस्पितळ, तळमजला,
खिडकी नाही, घड्याळ दहा मिनिटं मागे.
तांब्याच्या डोंगरातून उतरलेले गडी
शर्ट काढून गार पत्र्याला छाती टेकवायचे,
एखादा चेष्टा करायचा, एखादा आधीच गप्प,
आणि मी शिशाच्या भिंतीआडून बटण दाबायचो.
डोळ्याचं पातं लवायच्या आत काम व्हायचं.

आता एका फ्रेमला पाच मिनिटं लागतात.
रिओ उर्तादोचं खोरं, जुलैची थंडी,
बादलीतल्या पाण्यावर सायीएवढा बर्फ.
भोपळ्याच्या रिकाम्या वाफ्यात तिवई रोवली आहे
(बायको असती तर वाफ्याला हात लावू दिला नसता).
गरुड तेजोमेघ डोक्यावर आला
की भिंगाजवळ वाकताना मीच श्वास रोखतो,
नाहीतर वाफ बसते.

यास्ना, माझी नात, दोन पोंचो अंगावर घेऊन
उलट्या घातलेल्या पाटीवर बसली आहे.
एवढं काय आहे तिथं, ती विचारते.
धूळ, मी म्हणतो. आणि धुळीत पेटलेली पोरं.
केवढी?
वीस-एक लाख वर्षांची. तान्हीच म्हणायची.
ती हसते, मग हसू थांबवून वर बघते.

लॅपटॉपवर पहिली फ्रेम उतरते. करडी.
लाल नंतर येतो, फिल्टर बदलून, घरात बसून.
आधी हे करडंच,
माझ्या चांगल्या ओळखीचं.
मधे काळे खांब, आणि त्यांच्यावर
बारीक पांढरे ठिपके,
वरच्या अंगाला दाट, खाली विरळ.

असे ठिपके मी मोजलेत.
डॉक्टर यायच्या आधीच मला कळलेलं असायचं,
सांगायची मुभा नव्हती.
कसा आलाय? ते शर्टाची बटणं लावत विचारायचे.
छान आलाय, मी म्हणायचो.
तुम्ही अजिबात हलला नाहीत.

एदेल्मिरोही हलला नव्हता.
माझा धाकटा. त्या दिवशी बटण दाबून
मी त्याच्या पाठीच्या बरगड्यांकडे बघत राहिलो
आणि "सोडा आता" म्हणायचं विसरलो.
तो तसाच उभा, गाल फुगवून,
नदीत बुडी मारून कोण जास्त टिकतं
हे लावायचो आम्ही लहानपणी, तसा.
आपणच जिंकतोय असं वाटलं असेल त्याला.
पट्टी रसायनातून निथळत वर आली तेव्हा
तो बाहेर शिपायाकडे सिगारेट मागत होता.

नववी फ्रेम गेली.
आबेलिनोचा ट्रक, वळणावर दोन्ही दिवे सोडून,
मागे बेंबटणाऱ्या शेळ्या.
चीज ठेवू का? तो ओरडतो.
यास्ना पळत जाते, मी शिव्या घालतो,
मग चीज खातो.

पुस्तकात वाचलं, तिथल्या धुळीत
गारगोटीच्या जातीचे कण असतात.
म्हणजे तीच. खाणीतली. त्याच्या छातीतली.
याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.
चीजबरोबर ते तसंच गिळतो.

पहाटे चार. गरुड डोंगराकडे कलला.
मी दुर्बिणीला झाकण लावतो
आणि पुन्हा कॅमेरा सुरू करतो.
झाकण लावून कसले फोटो? यास्ना.
अंधाराचे. वीस. तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच गारठ्यात.
जे आकाशाचं नाही, यंत्राच्या पोटातलंच आहे,
ते यात उतरतं. मग ते वजा करायचं.
सगळं वजा होतं?
बरंचसं.

ती पडद्याकडे झुकली आहे, ओठ घट्ट मिटून,
रात्रभर मला बघून शिकली असणार.
अगं सोड, मी म्हणतो, सोड श्वास.
आता झाकलेलं आहे. आता हललं तरी चालतं.

ती तिवईभोवती उड्या मारू लागते,
तोंडातून ढगच्या ढग काढत.
चौथा. पाचवा.
यंत्र आपलं काळं काळं मोजत राहतं.